तिकिटं पुढे ढकललीत, रागावू नका

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगणार होते पण बाबा मधेच फोन आईच्या हातात देऊन गच्चीवर निघून जातात, म्हणून लिहून पाठवतेय. तुमची एप्रिलची तिकिटं मी काल सप्टेंबरची करून घेतली. आधी विचारलं नाही, चुकलंच. पैसे फारसे कापले नाहीत, तो विषय काढू नका.

झालं असं, इथे इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधे आमच्या घराखाली ग्रॅनाइट आहे, त्यातल्या युरेनियमपासून रेडॉन नावाचा गॅस होतो, ना वास ना रंग, फरशीच्या फटींतून घरात शिरतो. तो मोजायला प्लास्टिकच्या दोन छोट्या डब्या तीन महिने घरात ठेवून लॅबला पाठवल्या होत्या. बेकरेल हे तो मोजायचं माप, २०० च्या वर गेलं की काम करून घ्या म्हणतात, आमच्या खालच्या खोलीचं ४१० आलं. आणि बाबांच्या गुडघ्यामुळे तुमची खोली तीच.

दोन-तीन महिने राहिल्याने काही बिघडत नाही, मलाही कळतं, वर्षानुवर्षं श्वासात गेलं तर धोका. पण सिगारेटनंतर फुफ्फुसाच्या कॅन्सरचं मोठं कारण हेच, आणि ज्यांनी सिगारेट ओढली त्यांना तर कितीतरी पट जास्त. बाबा, पाकीट आणायला मीच जायचे ना कोपऱ्यावर, उरलेल्या पैशांच्या लिमलेटच्या गोळ्या. अजून टोचतं ते.

आता फरशीखाली खड्डा करून पाइप आणि पंखा बसवताहेत, खालची हवा ओढून छपरावर सोडतो. ऑगस्टपर्यंत होईल.

तुम्हाला नागपूरच्या मे महिन्याच्या ४५ डिग्रीत ठेवलं याचं मात्र फार वाईट वाटून राहिलंय. कूलरवाला रविवारी येईल, नवीन खस आणि पंप, पैसे दिलेत, त्याच्याशी घासाघीस करायची नाही. मी कूलरपुढे आ करून गायचे आठवतं? बाबा टाकीत पाणी भरता भरता माझ्यावर उडवायचे.

अकरा ते पाच बाहेर पडायचं नाही, बर्डीवर तर अजिबात नाही. आणि आई, तुझा ओटा ग्रॅनाइटचा आहे म्हणून मिस्त्रीला बोलवू नकोस! एका ओट्यातून येणारा रेडॉन अगदीच थोडा. बर्डीच्या टेकडीचा काळा दगड तर बेसाल्ट, त्यात युरेनियम कमीच असतं.

लोणचं तोवर मुरू दे. बाबांना चष्मा सापडला नाही तर तूच वाचून दाखव, गोळ्यांची ओळ सोडून.

तुमची,
छकुली