उत्पन्न जिल्ह्याचे, पण दुखणे कोणाच्या खात्यावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा विकास आराखड्यांच्या बातम्या आपल्या अंकात वाचतो. राज्याला एक लाख कोटी डॉलरची अर्थव्यवस्था व्हायचे आहे, त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याने आपले उत्पन्न वाढवायचे, असा त्यांचा एकूण सूर असतो. उत्पन्न वाढलेले कोणाला नको आहे? पण ते मोजतात कसे, हे एकदा बीडमधून बघावे, एवढ्यासाठी हे पत्र.

जिल्ह्याचे उत्पन्न काढताना त्या जिल्ह्याच्या हद्दीत काय तयार झाले ते धरतात; काम करणारा मूळचा कुठला, हे बघत नाहीत. आता धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडचा कोयता घ्या. कोयता म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोची जोडी, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगायला नको. हा कोयता कोल्हापूर, सांगली नाहीतर पार बेळगावच्या फडात जातो. त्याने तोडलेला ऊस, त्या उसाची साखर, मळी, इथेनॉल, सगळे तिकडच्या हिशेबात जमा. इकडे येते ती मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, म्हणजे कर्जच, आणि ते फिटेपर्यंत अंगाला लागलेले दुखणे. औषधपाणी, पोरांची अर्धवट शाळा, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची आबाळ, यांचा खर्च बीडने सोसायचा. नफ्याची वही एका जिल्ह्यात आणि तोट्याची दुसऱ्या. त्यातही तोट्याची वही कोणी घातलेलीच नाही.

ती घातली की काय दिसते, हे 2019 साली कळले. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कारणे फडात जाऊन आलेल्या कोणालाही ठाऊक होती. पाळीच्या दिवसांत मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक भरायचा, कोपीजवळ, म्हणजे फडाकडच्या झोपडीजवळ, ना न्हाणी ना संडास, आणि एक दिवस बसले तर मुकादम खाडा धरणार. खाड्याचे पाचशे-हजार रुपये उचलीतून जाणार. मग पोट दुखायला लागले की डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका, आणि बाईलाही वाटते, एकदाची कटकट गेली. पस्तिशीच्या आत कंबरेतून वाकलेल्या बायका आमच्याकडे वाडीवस्तीवर दिसतात. त्या वर्षी कारखान्यांनी किती टन गाळप केले, साखरेचा उतारा किती पडला, हे दशांश चिन्हापर्यंत छापून आले होते. पिशव्यांचा आकडा मात्र ओरड झाल्यावर मोजला गेला.

2011 च्या जनगणनेतही असेच झाले. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे बीडमध्ये 807 मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी त्या 894 होत्या. त्या दशकात जिल्ह्यात मोटारसायकली वाढल्या, बंगले वाढले, उत्पन्नही वाढले. उत्पन्नाच्या आकड्याकडे बघून या मुलींचा सुगावा कधीच लागला नसता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवण्यात उमर घालवली. दसरा झाला की गावात ट्रॅक्टर लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या, एखादी शेळी आणि वर बसलेली पोरे. शिक्षण हमी पत्रक हातात दिलेले असते, म्हणजे जाईल तिथल्या शाळेत पोराला बसता यावे. ते पत्रक बहुतेक वेळा पत्र्याच्या पेटीत तळाशी जाऊन बसते. हंगामी वसतिगृह सुरू झाले आणि आजीने सांभाळायचे कबूल केले, तर एखादे पोर मागे राहते. पटावर मात्र सगळी असतात. पट सप्टेंबरमध्ये मोजला तर शाळा भरलेली, जानेवारीत मोजला तर अर्ध्या बाकांवर धूळ. सरकारी अहवालात कुठल्या महिन्यातला आकडा जातो, ते वाचकांनी ओळखावे.

लोकांचे बरे चालले आहे की नाही हे मोजून पैसा कुठे घालायचा ते ठरवायचे, ही काही परदेशी चैन नाही. वेल्समध्ये 2015 पासून त्यासाठी कायदाच आहे. पण आपल्याला इतके लांब जायला नको. मानव विकास कार्यक्रमासाठी आपल्याच सरकारने 125 तालुके निवडले. निवडताना तिथे किती कारखाने आहेत हे बघितले नाही. बायका किती शिकलेल्या आहेत आणि दारिद्र्यरेषेखालची घरे किती, हे बघितले. त्यातून मुलींसाठी निळी एसटी आली. शाळा सुटायच्या वेळी फाट्यावर ती उभी असते आणि आठवी-दहावीच्या मुली दप्तरे सावरत चढतात. या बसमुळे कोणाचे उत्पन्न किती वाढले, असे विचारले तर लगेच सांगता येणार नाही. पण बारावीपर्यंत पोहोचलेली मुलगी कोयत्याला जोड म्हणून लग्नात दिली जात नाही. तिचा नवरा फडात जायच्या आधी दहादा विचार करतो. जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेला याहून मोठा हातभार मला तरी माहीत नाही.

शेजारचा धाराशिव जिल्हा 2018 पासून निती आयोगाच्या 112 आकांक्षित, म्हणजे मागे पडले म्हणून निवडलेल्या, जिल्ह्यांत आहे. तिथे 49 निर्देशक आहेत आणि त्यात आरोग्य-पोषण व शिक्षण यांना मिळून साठ टक्के वजन आहे. चांगलेच आहे. पण अंगणवाडीचा काटा गावात असलेल्या मुलालाच तोलतो. कोपीत असलेले मूल त्या काट्यावर येत नाही. आणि आकडा मागितला की आकडा तयार होतो, हेही नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. साहेबांचा दौरा ठरला की सायंकाळपर्यंत सगळे शंभर टक्के. म्हणून निर्देशक थोडेच असावेत आणि गावाला ते स्वतः पडताळता यावेत.

बीडच्या आराखड्यात, उत्पन्नाच्या उद्दिष्टाच्या शेजारी, त्याच पानावर, चार गोष्टी लिहाव्यात असे माझे म्हणणे आहे. दसऱ्यानंतर जिल्ह्याबाहेर गेलेले कोयते किती, आणि ते गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त. जानेवारीत प्रत्यक्ष वर्गात बसलेली मुले किती. हंगामावरून परतलेल्या बायकांच्या तपासणीत काय निघाले. आणि घरामागे उचल किती फिटायची राहिली. ग्रामसेवकांनी ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रे द्यायची, असे शासनाने ठरवलेलेच आहे. ती यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली की पहिला आकडा मिळेल. खोटा असेल तर लोक तिथल्या तिथे बोलतील.

याचा फायदा निव्वळ आर्थिक आहे. जिल्हा नियोजनाचा निधी आज सभामंडप, संरक्षक भिंत आणि पेव्हर ब्लॉक यांत जिरतो, कारण झालेले काम फोटोत दिसते. प्रत्येक कामाला ‘यामुळे किती कोयते गावात राहिले’ हा एकच प्रश्न विचारला, तर तुतीची लागवड आणि कोषांचा बाजार वर येईल. रेशीम कोषांत बीडने राज्यात नाव काढलेच आहे. बालाघाटच्या डोंगरातल्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे. पण गर काढून साठवायची सोय जवळ नाही म्हणून ते टोपलीतच पिकून जाते. ही कामे ऐन ऊसतोडीच्या हंगामात बायकांच्या हाताला गावात रोजगार देतात. गावात राहिलेल्या माणसाची कमाई किराणा, शिंपी, दूध डेअरी अशी गावातच फिरते. कोयत्याची कमाई मुकादमाच्या हातून मागच्या उचलीत वळती होते.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढवायचे ठरले, ऊसतोड कामगार महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे हेही ठरलेले आहे. तो पैसा ज्या जिल्ह्यातून माणसे जातात तिथे किती पोहोचतो, हा पाचवा आकडा म्हणून छापायला हरकत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये बीडला रेल्वे आली, आम्ही पेढे वाटले. आता तिच्यातून माल जाणार की नुसती माणसेच, हे पुढच्या आराखड्यावर आहे. नियोजन समितीच्या येत्या बैठकीत पालकमंत्र्यांनी निदान जानेवारीची हजेरी मागवून घ्यावी. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे, नवीन सर्वेक्षण लागणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. धारूर, जि. बीड