मागचे मडगार्ड काढण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा आला की मागचे मडगार्ड उतरवलेल्या मोटरसायकलींचा त्रास मागून येणाऱ्या प्रत्येकाला होतो. हेल्मेटच्या काचेवर गढूळ पाण्याचा फवारा बसला की दोन-तीन सेकंद पुढचे काहीच दिसत नाही. तरीही ‘गाडी मागून भारी दिसते’ म्हणून मडगार्ड काढणारे वाढत आहेत आणि गॅरेजवालेही ते दहा मिनिटांत काढून देतात. म्हणून त्यातल्या तांत्रिक बाजूबद्दल लिहीत आहे.

बोलताना आपण सगळ्यालाच मडगार्ड म्हणतो. पण आजच्या बहुतेक स्पोर्टी गाड्यांत ते दोन भागांत असते. सीटखाली चाकावर कमानीसारखा असतो तो आतला भाग. त्याला जोडून मागे लोंबणारा लांब भाग वेगळा. नंबरप्लेट, तिच्यावरचा छोटा दिवा, लाल रिफ्लेक्टर आणि बऱ्याचदा इंडिकेटरही या लांब भागावर असतात. साध्या १०० ते १२५ सीसीच्या अनेक गाड्यांत मात्र हे एकसंध असते. टेललाइट त्यालाच धरलेला असतो, आणि काही जुन्या पद्धतीच्या गाड्यांत मागची सीटही त्याच्यावरच टेकते. तिथे काढण्याचा विचारच करू नये.

आतला भाग कोणत्याही गाडीचा काढू नये. गाडी पुढे जाताना चाकाची मागची बाजू वर चढत असते आणि माथा पुढे धावत असतो. त्यामुळे टायरने उचललेले पाणी आधी वर आणि मग पुढे फेकले जाते, म्हणजे थेट सीटखाली. तिथेच बॅटरी, फ्यूजबॉक्स आणि वायरिंगचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे सॉकेट, असतात, पुष्कळ गाड्यांत इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, म्हणजे ईसीयूही तिथेच असतो आणि एअरफिल्टरचा डबा जवळच. कपलरमध्ये चिखलाचे पाणी शिरले की पितळी पिनांवर हिरवट थर चढतो. मग कधी इंडिकेटर लागत नाही, कधी ब्रेकलाइट कायमचा पेटून राहतो, कधी चालू गाडी मध्येच बंद पडते. हे सगळे पहिल्या पावसात न होता दोन-तीन महिन्यांनी होते. त्यामुळे मडगार्ड काढल्याचा आणि या बिघाडाचा संबंध गाडीमालकाच्या लक्षातच येत नाही आणि तो उगाच बॅटरी बदलत बसतो.

राहिला मागचा लांब भाग. त्याच्या जागी आखूड ब्रॅकेट, म्हणजे टेल टायडी, बसवताना सगळ्यात मोठी चूक होते ती टायर आणि प्लेट यांच्यातल्या अंतराची. उभ्या गाडीत चार बोटे जागा दिसते, पण दोघे बसून खड्ड्यात आदळल्यावर मागचे चाक १०० मिमीहून जास्त वर येऊ शकते. अशा वेळी प्लेटची खालची कड टायरला घासते आणि पातळ ब्रॅकेट मुडपून चाकात जाते. तपासायचे तर गाडी मेन स्टँडवर घ्यावी. चाक लटकत असताना ॲक्सलच्या उंचीची खूण करावी, शॉकअपचा खालचा बोल्ट काढावा आणि गाडीच्या माहितीत दिलेल्या व्हील ट्रॅव्हलइतके, म्हणजे चाक खालून वर जितके जाऊ शकते तितके, चाक त्या खुणेपासून वर उचलून बघावे. त्या स्थितीतही टायर आणि ब्रॅकेट यांत किमान २५ मिमी मोकळे राहिले पाहिजेत.

दुसरी चूक बुशची. कंपनीच्या मडगार्डच्या भोकात रबर आणि त्याच्या आत छोटी लोखंडी बुश, म्हणजे नळीचा तुकडा, असते. १० नंबरच्या पान्याने आवळला जाणारा बोल्ट त्या बुशवर बसतो, प्लास्टिकवर ताण येत नाही. गाडी खोलताना ही बुश खाली पडून हरवते आणि मेकॅनिक तसाच बोल्ट करकचून आवळतो. थोड्याच दिवसांत प्लास्टिकला भोकापासून चीर जाते. वायरी कापून नुसत्या टेपने जोडल्या तर टेपचा डिंक उन्हात सुटतो. जोड सोल्डर करून त्यावर गरम केल्यावर आवळून बसणारी हीटश्रिंक नळी चढवावी आणि वायर टायरकडे लोंबणार नाही अशी बांधावी. १० वॅटच्या बल्बऐवजी एलईडी इंडिकेटर लावले तर ते भराभर लुकलुकतात, कारण इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या जुन्या फ्लॅशरला भार कमी पडतो. त्याला एलईडीचा फ्लॅशर लागतो.

कायद्याचेही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार मोटरसायकलला मागे लाल रिफ्लेक्टर हवा. मागच्या नंबरप्लेटवर पांढरा उजेड हवा आणि नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. नियम १२३ प्रमाणे मागे माणूस बसणार असेल तर त्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, म्हणजे आपले साडीगार्ड, असावे लागते. मडगार्डबरोबर तेही ‘अडगळ’ म्हणून काढून टाकणारे आहेत, हे फार भयंकर आहे. पदर किंवा ओढणी स्पोकमध्ये गुंतायला क्षणही लागत नाही. बेकायदा फेरफारासाठी कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

त्यात आता एचएसआरपी, म्हणजे सक्तीची उच्च सुरक्षा नंबरप्लेट, आली. ही प्लेट १ मिमी जाडीच्या ॲल्युमिनियमची असते आणि एकदाच बसणाऱ्या स्नॅपलॉकने ठोकलेली असते. मडगार्ड काढायचे म्हणजे ते लॉक तोडावे लागते. मग प्लेट साध्या स्क्रूवर हलक्या ब्रॅकेटला लटकते, थरथरून भोकाशी फाटते आणि कुठेतरी गळून पडते.

काळ्या रानातल्या शेतकऱ्यांची अडचण मात्र खरी आहे. तिथला चिखल मडगार्डात गच्च बसून चाक फिरेनासे होते. पण हा चिखल मुख्यतः पुढच्या मडगार्डात अडकतो, कारण तिथे टायरला जागा कमी असते. मागे अडकतो तो स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, हगर नावाच्या टायरलगतच्या छोट्या मडगार्डमध्ये, जर तो असेल तर. मागचे मुख्य मडगार्ड काढून त्यांचा प्रश्न सुटत नाही. रानात जायच्या गाडीचे पुढचे मडगार्ड जरा उंच बसवण्याची सोय कंपन्यांनीच मूळ सुट्या भागांत द्यायला हवी.

परिवहन विभागाला विनंती आहे की, मूळ ब्रॅकेट नसलेल्या गाडीला एचएसआरपी बसवून देऊ नये, अशी सूचना सर्व केंद्रांना द्यावी. वाहन कंपन्यांनाही सांगणे आहे: आखूड मडगार्डची हौस तरुणांना आहेच, तर दिवा, रिफ्लेक्टर आणि प्लेटची जागा यांसह तपासून घेतलेला भाग तुम्हीच शोरूममध्ये विकायला ठेवा.

आपला,
एक दुचाकी मेकॅनिक, मिरज