चादर दिली, मजुरीचं काय?

नाताळात आमच्या चर्चने पूर्व भागात चादरी वाटल्या (सोलापुरात चादर वाटणं म्हणजे पंढरपुरात बुक्का वाटण्यासारखंच!). विड्या वळणाऱ्या एका मावशींनी मांडीवरचं सूप बाजूला सारून चादर घेतली आणि म्हणाल्या, "हजारामागं मूठभर विड्या छाट, म्हणजे खराब म्हणून काढून घेतात, त्याचे पैसे नाहीत. ते सांगा की कुणाला." मला उत्तर सुचलं नाही.

लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. लुबाडलेलं चौपट परत करतो. आम्ही प्रवचनात पहिलाच भाग घोळवतो. बायबलमधलं लेवीय 19:13 तर मजुराची मजुरी सकाळपर्यंतही ठेवू नको म्हणतं.

मजूर ठेवणारे आमच्या मंडळीतही आहेत. पुढच्या नाताळाआधी त्यांच्याकडे जाणार आहे, चादरींच्या वर्गणीसाठी नव्हे.

– एक वाचक, सोलापूर