दुसरा भोवरा

सांगली,
१२ नोव्हेंबर

प्रिय चिमे,

राखीच्या वेळी तुझा फोन येऊन गेला, त्यानंतर मी गप्पच. रागावली असशील तर रागाव, हक्क आहे तुझा. मध्ये डेंग्यू होऊन गेला, आता बरी आहे. पण पत्र वेगळ्याच कारणासाठी लिहितेय. ह्यांना सांगायला गेले तर म्हणतात, "केस कापायचे, त्यात एवढं काय?" तूच समजशील.

काकूंनी पार्लर बंद केलं गं. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा आपण दोघींनी त्यांच्या खुर्च्या चिखलातून ओढून काढल्या, आठवतंय ना? तरी त्यांनी परत उघडलं. पुराला जमलं नाही ते गुडघ्यांनी केलं. जूनमध्ये त्या मुलाकडे पुण्याला गेल्या. निरोप घेताना मी रडले, आणि त्या मात्र "तेल लावत जा" एवढंच म्हणाल्या.

मग माझी वणवण सुरू झाली. विश्रामबागला एका चकचकीत सलूनमध्ये गेले. कापायचे ९००, वर जीएसटी. बसल्या बसल्या तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, केराटिन करून घ्या, केस मऊ-सरळ होतील, लांबीप्रमाणे ६००० पासून." यंदा दुकानाचं कसं चाललंय ते तुला माहीत आहे, ६००० म्हणजे धाकटीच्या क्लासचा हप्ता. नको म्हटलं, तर चेहराच पडला त्याचा. केस ओले करून, कंगव्याने ताणून, सरळ रेषेत कापले. ओले होते तोवर खांद्याखाली होते. वाळले आणि आखडून कानाशी आले! कुरळ्या केसांचं असंच होतं, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. घरी येऊन आरसा पाहिला आणि थेट तू आठवलीस. गॅदरिंगच्या आदल्या रात्री माझ्या कपाळावरची बट तूच कापली होतीस, आणि आजही म्हणतेस की मी हलले! मी हलले नव्हते, चिमे. हे लेखी देते.

त्यात दिवाळीनंतर केस मूठमूठ गळायला लागले. उशीवर, कंगव्यात, पोळीच्या पिठात. खरं सांगू? मला भीती वाटली. पुन्हा पार्लरची पायरी चढायची हिंमत होईना.

शेवटी आमच्या दूधवाल्या वहिनींनी पत्ता दिला. कुपवाड रस्त्याला, घराच्याच पुढच्या खोलीत, एक खुर्ची, एक आरसा. मुलगी चोवीस-पंचवीसची, आयटीआयला कॉस्मेटॉलॉजीचं वर्ष केलेलं. दर भिंतीवर लिहून लावलेले: केस कापायचे २००, मग लांब असोत की आखूड. तिने आधी विचारलं, "मावशी, दोन-तीन महिन्यांपूर्वी ताप येऊन गेला का?" मी गारच पडले. म्हणाली, मोठ्या तापानंतर असे गळतात, मुळं शाबूत असली की परत येतात, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. तरी तीन-चार महिन्यांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. विकायला काहीच काढलं नाही तिनं.

केस कोरडेच ठेवले. एकेक बट हातात घेऊन, सोडून, ती कुठे बसते ते बघून मग कात्री. मध्येच मागे बोट टेकून म्हणाली, "मावशी, इथं दुसरा भोवरा आहे, इथं कमी कापते, नाहीतर केस उभे राहतील."

चिमे, काकूंनंतर तो कुणालाच सापडला नव्हता. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं म्हणून तू माझ्या लग्नात ह्यांना घाबरवलं होतंस, तोच तो. माझे डोळे भरून आले. ती म्हणाली, "ओढलं का?" मी म्हटलं, "नाही गं, तू काप."

तुझी बदली झाली का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? लेकीचा निकाल कळव.

आणि संक्रांतीला येशील तेव्हा तिकडे केस कापून येऊ नकोस. तुझंही नाव तिच्या वहीत सांगून ठेवते. फक्त मंगळवार धरू नकोस, मंगळवारी ती बंद ठेवते.

तुझीच,
बकू