पाणी आधी, मासे नंतर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून झालं आणि मी आधी माझ्या समुद्री माशांच्या टाकीसमोर जाऊन बसलो. माझ्याकडे आलास की हात मागे बांधून तासन्‌तास त्या काचेपुढे उभा राहायचास, तेव्हाच ओळखलं होतं की आज ना उद्या तूही खाऱ्या पाण्यात उतरणार. पहिला मासा कोणता घेऊ, असं विचारलंयस. मासा आत्ता नकोच. पहिले दोन महिने तुला फक्त पाणी सांभाळायचंय आणि खरं सांगायचं तर पुढची दहा वर्षंही तेच करायचंय. मासे काय, प्रवाळ काय, सगळे त्या पाण्याच्या भरवशावर राहतात.

सुरुवात छोट्या टाकीपासून करावी असं कुणालाही वाटतं. खाऱ्या पाण्यात नेमकं उलटं आहे. पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बिघडतं आणि सावरायला वेळ मिळत नाही. माझी टाकी २०० लिटरची आहे, त्याहून लहान तू घेऊ नकोस. जागा ठरवताना वजनाचा हिशेब कर. पाणी, दगड, वाळू, काच, स्टँड मिळून ३०० किलोच्या आसपास जातं आणि एकदा भरलेली टाकी जागची हलवता येत नाही. थेट ऊन येत नाही अशी भिंत बघ.

आता पाणी. नळाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वापरायचं नाही. त्यात क्लोरीन असतं, फॉस्फेट आणि सिलिकेट असू शकतं, कधी पाइपातलं तांबं उतरलेलं असतं. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, पण कोळंबीला आणि प्रवाळाला तांब्याचा अंशही विषासारखा. म्हणून आर-ओ फिल्टरचं आणि त्याच्यापुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डी-आय कार्ट्रिजमधून गेलेलं पाणी घ्यायचं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसणारं. त्यात समुद्री टाकीसाठी मिळणारं मिश्रणाचं मीठ लिटरला साधारण ३६ ते ४० ग्रॅम घालायचं, रात्रभर पंप आणि हीटर लावून ढवळत ठेवायचं आणि सकाळी मोजायचं. खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६च्या जवळपास, आणि तापमान २५-२६ अंश. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घे आणि तो ३५च्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घे. साध्या पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर ३५ला चुकीचा असू शकतो.

एक गोष्ट नवीन माणसाच्या हमखास ध्यानात राहत नाही. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. २०० लिटरमधून १० लिटर उडालं की ३५चा खारेपणा जवळजवळ ३७वर जातो. तेव्हा उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच भरायचं, तेही रोज, थोडं थोडं. माझ्या टाकीत रोज अडीच-तीन लिटर लागतं. पहिलं वर्ष मी हाताने भरत होतो, पुढे पातळी उतरली की आपोआप सुरू होणारा, फ्लोट असलेला छोटा पंप बसवला. त्या पंपाने टाकीला जेवढी स्थिरता दिली, तेवढी दुसऱ्या कुठल्याच उपकरणाने दिली नाही.

दगडांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण टाकीचं खरं फिल्टर तेच असतात. फार पूर्वी लोक मेलेल्या प्रवाळांचे पांढरे सांगाडे शोभेला ठेवत. १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत छापून लोकांपुढे मांडली. समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि उजेड, बस्स एवढंच! त्या सच्छिद्र दगडांच्या भेगाभेगांत राहणारे जिवाणूच पाणी शुद्ध ठेवत होते. आज आपण समुद्रातून दगड न उचलता कोरडे दगड घेऊ शकतो आणि तू तेच घे. जिवाणू बाटलीतून मिळतात. टाकी भरली की थोडं अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन) ने आणि थांब. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. चार ते सहा आठवडे लागतात. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी तयार झाली असं समज. तोवर त्यात जीव घालणं म्हणजे त्याला अमोनियात जाळणं. हे मी जरा कडक शब्दांत लिहितोय, पण ते तसंच आहे.

त्यानंतर टाकी कुरूप दिसू लागेल. आधी वाळूवर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर येतो, मग दगडांवर हिरवे केस, म्हणजे केसांसारखं शेवाळ, उगवतात. घाबरून औषधं ओतू नकोस. गोगलगायी सोड, हाताने उपट, पाणी बदलत राहा. काही महिन्यांनी दगडावर जांभळे-गुलाबी ठिपके दिसायला लागतील. ते कोरलाइन शेवाळ, आणि ते आलं की पाणी स्थिरावलं असं मी धरतो. इथे माझी एक चूक सांगतो. हिरवे केस जाईनात म्हणून मी नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही पार शून्यावर आणले. केस गेले आणि त्यांच्या जागी बुडबुडे धरलेले तपकिरी, शेंबडासारखे दोरे आले, डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचे. ते घालवायला मला चार महिने लागले, आणि त्यासाठी नायट्रेट परत ५ पीपीएमवर आणावं लागलं. प्रवाळालाही थोडं खत हवंच असतं. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या पट्ट्यात ठेव.

आता ज्यासाठी मी हे पत्र मुळात लिहायला घेतलं, ते. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण; ते डीकेएच या एककात मोजतात. दगडी प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो, म्हणजे तो पाण्यातून रोज कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतो. १ डीकेएच अल्कलिनिटी खर्च झाली की कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने उतरतं. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास आणि अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच यांत कुठेही चालते. पण जो आकडा धरशील तो सोडू नकोस. ८ चांगली की ९ चांगली यावर लोक वाद घालतात. माझ्या मते प्रवाळाला आकड्याचं सोयरसुतक नसतं, आकडा एकदम बदलला की मात्र त्याच्या जिवावर बेततं.

तिसऱ्या वर्षी मी आठ दिवस बाहेर होतो. अल्कलिनिटीचं द्रावण थेंबथेंब सोडणाऱ्या डोसिंग पंपाच्या नळीच्या तोंडाशी चुन्यासारखी पांढरी गुठळी धरली होती आणि थेंबही पडत नव्हता. परत येऊन मोजलं तर ८.५ची ६.१ झालेली. प्रवाळ मात्र सगळे फुललेले होते, रंग शाबूत. तिथेच हात आवरायला हवा होता. २०० लिटरला १ डीकेएच वाढवायला साधारण ६ ग्रॅम खायचा सोडा लागतो. मी १५ ग्रॅम विरघळवून एका संध्याकाळी सगळा ओतला, रात्री ८.६ मोजली आणि समाधानाने झोपलो. सकाळी गुलाबी बर्ड्‌स नेस्ट या फांद्यांच्या प्रवाळाच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा भाग पांढरा पडलेला. जवळ जाऊन पाहिलं तर कातडी ओल्या कागदासारखी सुटून प्रवाहात हलत होती आणि खालचा सांगाडा उघडा पडत होता. दुपारपर्यंत अर्धी फांदी गेली. जिवंत उरलेली टोकं कापून मी वेगळ्या दगडांवर चिकटवली, पाच तुकडे. चौथ्या दिवशी मूळ झाड संपलं आणि तुकड्यांतला एकच राहिला, करंगळीच्या नखाएवढा. दोन वर्षं वाढवलेलं प्रवाळ मी एका रात्रीच्या घाईत मारलं, त्याचं वाईट मला आजही वाटतं. तेव्हापासून दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त वाढवत नाही, आकडा कितीही खाली गेलेला असो. आणि दर महिन्याला त्या नळीचं टोक व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करतो.

उजेड आणि प्रवाह यांवर फार डोकं शिणवू नकोस. प्रवाळाच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहतं, ते निळ्या उजेडावर अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. म्हणून दिवे निळ्याकडे झुकणारे हवेत. नवे दिवे पूर्ण ताकदीने लावू नकोस, कमीपासून महिनाभरात चढव. पाणी ढवळायला २०० लिटरला तासाला चार-पाच हजार लिटर फिरवणारे पंप पुरे. टाकीखालची जोडटाकी, म्हणजे सम्प, लावणार असशील तर टाकी भरल्यावर स्वतः एकदा वीज बंद करून बघ. परतीच्या पाइपातून पाणी उलटं खाली येतं आणि सम्पमध्ये तेवढी जागा मोकळी नसेल तर ते जमिनीवर येतं. बॅटरीवर चालणारा हवेचा पंपही घेऊन ठेव. वीज गेल्यावर माशांचा जीव आधी जातो तो प्राणवायूवाचून.

आणि मासे. जोडी घ्यायची तर दोन लहान क्लाउनफिश घे, माणसाने पैदा केलेले. ते सगळे नर म्हणूनच जन्मतात, दोघांत जो मोठा आणि दांडगा तो पुढे मादी होतो, त्यामुळे जोडी आपोआप जुळते. पण कुठलाही मासा आधी वेगळ्या टाकीत चार-सहा आठवडे ठेवल्याशिवाय मुख्य टाकीत सोडायचा नाही. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके येणारा रोग एकदा आत शिरला, की सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांवाचून ठेवावी लागते. त्याचं तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालता येत नाही, कोळंबी आणि प्रवाळ मरतात.

वहिनींना आणि मुलांना एक गोष्ट नीट सांग. झोअँथिड, विशेषतः पॅलिथोआ जातीच्या बटणासारख्या प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असू शकतं. ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. असले जीव चिकटलेले दगड उकळायचे नाहीत, गरम पाण्याने घासायचे नाहीत, कारण वाफेतून घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात. टाकीत हात घातला की बाहेर काढल्यावर साबणाने धुवायचा, हा आमच्या घरचा नियम आहे.

बाकी रोजचं काम थोडंच आहे. सकाळी तापमान बघायचं, माशांची डोकी मोजायची. एक दिवसाआड काच पुसायची. आठवड्यातून एकदा २० लिटर पाणी बदलायचं, फेसासोबत घाण बाहेर काढणाऱ्या स्किमरचा कप धुवायचा, अल्कलिनिटी मोजून वहीत लिहायची. वही ठेवच. प्रवाळ आज रुसलं तर कारण बहुधा मागच्या पंधरवड्यात सापडतं आणि ते आपल्याला आठवत नसतं.

रात्री दिवे मालवल्यावर तासाभराने लाल कागद लावलेली विजेरी घेऊन बघ. प्रवाळांची दिवसा मिटून बसलेली तोंडं उघडतात, काचेवर तांदळाच्या कणीएवढे जीव धावतात. परवा रात्री मला माझी क्लीनर कोळंबी दगडाखाली उलटी पडलेली दिसली, मिशांसकट, पांढरीफटक. काळजात धस्स झालं. चिमट्याने उचलली तर वजनच नाही! पायांच्या टोकांपर्यंत अख्खी पोकळ होती. कात टाकून ती स्वतः मागच्या कपारीत बसली होती, नवी कातडी कडक व्हायची वाट बघत. तुझ्याकडे असं झालं तर कात काढू नकोस, कधी कधी ती नंतर येऊन खाते.

पहिलं प्रवाळ विकत घेऊ नकोस. माझ्या लेदर कोरल या मऊ प्रवाळाचा एक तुकडा छोट्या दगडावर धरलाय, तो तुझा. नखाएवढ्या उरलेल्या त्या बर्ड्‌स नेस्टचं आता मुठीएवढं झुडूप झालंय, त्याचीही एक फांदी तुला देणार आहे, पण ती वर्षभराने, तुझ्या वहीत तीन महिने अल्कलिनिटी एका जागी दिसली की. टाकी भरलीस की पहिल्या दिवसाचे आकडे कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र