आधी आर्द्रतामापक, मग ग्रँड पियानो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खानदेशात कुठल्याही नाट्यगृहाच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की ‘एक ग्रँड पियानोही घ्या’ अशी सूचना कुणीतरी करतेच. सूचना चांगली आहे. पण विकत घेणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग.

गायक तंबोरे घेऊन येतो, तबलजी आपली जोडी आणतो. पियानोवादक रिकाम्या हातांनी येतो, कारण मोठा कॉन्सर्ट ग्रँड नऊ फूट लांब आणि पावणेपाचशे किलोंच्या घरातला असतो. होरोविट्झ किंवा झिमरमन या नामवंत पियानोवादकांसारखे स्वतःचा पियानो घेऊन फिरणारे विरळाच. बाकीच्यांची उमर परक्या वाद्याशी जुळवून घेण्यात जाते. रिश्टर यांच्या तोडीचा वादकसुद्धा १९८६ साली सायबेरियातल्या लहान गावांतून मिळेल त्या पियानोवर वाजवत गेला.

कार्यक्रमाआधी वादकाला फार तर दोनेक तास मिळतात. एकच पट्टी झरझर वाजवली तर ती दर वेळी वर येते का, अगदी हलक्या दाबाला सूर उमटतो का, हे तो आधी पाहतो. पट्टी जेमतेम १० मिलिमीटर खाली जाते. सगळी करामत तेवढ्यातच करायची असते. उजवे पेडल सोडताच तारा गप्प व्हायला हव्यात. हातोड्यांचे फेल्ट (दाबलेली लोकर) तारांवर आपटून चेपले असेल, तर आवाज पत्र्यासारखा येतो. मग ट्यूनर, म्हणजे सूर लावणारा कारागीर, त्यात सुया टोचून ते मोकळे करतो.

आता आपल्या हवेचे. पियानोला ४० ते ५० टक्के आर्द्रता लागते आणि ती स्थिर लागते. आपल्याकडे वैशाखातल्या दुपारी ती २० च्याही खाली येते, पावसाळ्यात ८० च्या वर जाते. काळी जमीन भेगाळते त्याच कारणाने साउंडबोर्ड, म्हणजे तारांखालची आवाज घुमवणारी लाकडी फळी, हाही तडकतो. तो तडकण्याआधी त्याचा फुगीरपणा बसतो आणि सूर उतरतात. सुमारे २३० तारांचा मिळून १८-२० टन ताण ज्या खुंट्यांवर असतो, त्या लाकडात नुसत्या घट्ट ठोकलेल्या असतात. लाकूड सुकले की त्या सैल पडतात; आज लावलेला सूर परवा उतरतो. त्यात ट्यूनरचा दोष नसतो. पावसाळ्यात उलटे होते: पट्ट्या अडकतात, तारा गंजतात.

कूलरचा झोत तर पियानोवर कधीच नको. फक्त प्रयोगापुरता एसी लावणे हेही तितकेच वाईट. पियानोच्या आत बसणारे आर्द्रता-नियंत्रक यंत्र मिळते, पण त्यात पाणी भरावे लागते आणि ते चोवीस तास चालू लागते. रात्री वॉचमनने मेन स्विच खाली पाडला की ते असून नसल्यासारखेच!

ट्यूनिंग वर्षातून किमान दोनदा, शिवाय प्रत्येक कार्यक्रमाच्या दिवशी, तेही एसी आणि रंगमंचाचे दिवे लावून झाल्यावर. दोन-चार वर्षे हयगय झाली तर सूर अर्ध्या स्वरापर्यंत उतरू शकतो. मग एका बैठकीत काम होत नाही. आधी ढोबळ चढवायचे, तारा स्थिरावू द्यायच्या, मग बारीक लावायचे. जुन्या तारा यात तुटतात. ट्यूनर मुंबई-पुण्याहून बोलवायचा, तर त्याचे येणे-जाणे आणि मुक्कामही खर्चात धरावा.

पाच-सहाशे आसनांच्या नाट्यगृहाला सात फुटी ग्रँड पुरतो. झाकणाला कुलूप हवे. सत्काराचे हारतुरे ठेवायचे ते टेबल नव्हे. निविदेत किमतीच्या खालीच पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम लिहावी. तेवढी तयारी नसेल तर जड पट्ट्यांचा ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्यावा. कसलेला वादक त्यावर मैफल करणार नाही, पण मुलांचा सराव होईल आणि वैशाखात त्याचे सूर उतरणार नाहीत.

– एक पियानो-शिक्षक, जळगाव