आठ मणी कमी असलेली माळ

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. उत्तराखंडातल्या मिलमला जायचं नक्की केलंस हे बरं झालं. मुनस्यारीहून लीलम, बुगड्यार, रिलकोट, मर्तोली करत गोरीगंगेच्या काठाने चढशील तेव्हा गुडघे बोलतीलच. पण त्याच गावचा एक शाळामास्तर ल्हासापर्यंत पावलं मोजत गेला होता, हे ध्यानात असू दे. तू लिहिलंस की हेर म्हटलं की आपल्याला बहिर्जी नाईकच आठवतात, इंग्रजांनी सरहद्दीवर तसलं काही केलं का? केलं. पण त्यात नाट्य थोडं आणि तंगडतोड फार.

1860 च्या सुमारास हिंदुस्थानचा नकाशा बराचसा मोजून झाला होता, पण हिमालयापलीकडे कागद कोरा. तिबेटात गोऱ्यांना मज्जाव. त्यात रशिया मध्य आशियात पुढे सरकत होता (पुढे 1865 मध्ये त्याने ताश्कंद घेतलं, 1868 मध्ये समरकंद), आणि इंग्रज अधिकाऱ्यांची झोप उडाली. उद्या फौज न्यायची वेळ आली तर खिंड कधी बंद होते, नदीला उतार कुठे आहे, घोड्यांना चारा कुठवर मिळतो, हे सांगणार कोण? सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन माँटगोमरीने उपाय काढला : ज्याच्याकडे तिथे कोणी वळूनही बघणार नाही, असा माणूस पाठवायचा. 1863 मध्ये अब्दुल हमीद मध्य आशियातल्या यारकंदला गेला. परतीच्या वाटेवर तो वारला, टिपणं तेवढी हाती आली.

मग आला तुझ्या मिलमचा नैनसिंह रावत. जोहार खोऱ्यातले हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिबेटशी व्यापार करणारे, त्यामुळे भाषा आणि रीतभात अंगवळणी पडलेली. डेहराडूनला त्याला शिकवलं काय, तर चालायला! चढ असो, उतार असो, पाऊल तेवढंच पडलं पाहिजे. दोन हजार पावलांचा एक मैल. हातात माळ, पण 108 ऐवजी 100 मण्यांची. शंभर पावलं झाली की एक मणी पुढे. म्हणजे एक माळ झाली की पाच मैल झाले. आपल्याकडच्या एखाद्या आजीने ती माळ हातात घेतली असती तर आठ मणी कमी आहेत हे तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं. ल्हासाच्या वाटेवर कोणी मोजलं नाही. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या गुंडाळीऐवजी कोरे कागद, त्यांवर दिशा आणि अंतरं टिपलेली. पेटीला चोरकप्पा, त्यात सेक्स्टंट, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र. त्या मोजणीत क्षितिजाच्या जागी धरायला लागणारा पारा कवड्यांत भरलेला. काठीच्या पोकळीत थर्मामीटर : पाणी उकळायचं, किती अंशावर उकळलं ते बघायचं, त्यावरून उंची काढायची. बघणाऱ्याला वाटावं, यात्रेकरू चहा करतोय.

1865 मध्ये तो काठमांडूमार्गे निघाला आणि 1866 च्या जानेवारीत ल्हासाला पोचला. वाटेत पैसे संपले तेव्हा शिगात्सेत नेपाळी दुकानदारांना हिंदू पद्धतीचा जमाखर्च शिकवून त्याने दिवस काढले. मास्तर शेवटी मास्तरच! ल्हासात परवानगीशिवाय आलेल्या एका चिनी माणसाचा भरवस्तीत शिरच्छेद झालेला त्याने पाहिला, आणि तरी रात्री छपरावर जाऊन तारे मोजत राहिला. सगळं मिळून सुमारे 1200 मैल, 25 लाखांच्या आसपास पावलं.

आता गंमत बघ. एवढी लपवाछपवी, आणि माँटगोमरीने माळेची, चक्राची सगळी युक्ती लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून टाकली! नैनसिंहचं नाव तेवढं गाळलं, तो नुसता ‘पंडित’. तिबेटात ते कोणी वाचत नाही या भरवशावर, आणि इकडे माणसं अजून पाठवणं चालूच. 1877 मध्ये सोसायटीने त्याला नावानिशी सुवर्णपदक दिलं, हे खरं. पण ही फुशारकी कोणाच्या जिवावर होती? माँटगोमरीनेच पाठवलेल्या मिर्झा शुजाला पुढे बुखाऱ्याला झोपेत मारलं.

किंथुपचं तर काय सांगावं. सिक्कीमचा, निरक्षर. 1880 मध्ये त्याला एका लामाबरोबर पाठवलं, तिबेटातली त्सांगपो आणि आसामातली ब्रह्मपुत्रा एकच का हे शोधायला. त्या लामाने त्याला चक्क गुलाम म्हणून विकलं. हा पळाला, एका मठात आसरा मागितला. तिथल्या प्रमुखाने पन्नास रुपये मोजून त्याला सोडवलं. तरी याच्या डोक्यात कामच. यात्रेची रजा मागून ओंडके तोडले, लपवले, दुसऱ्याकडून पत्र लिहवून कळवलं की अमुक दिवसांत ओंडके सोडतो, खाली आसामात लक्ष ठेवा. मग दहा दिवस, रोज पन्नास. पत्र वेळेत पोचलंच नाही, ज्याने त्याला पाठवलं तो साहेब हिंदुस्थान सोडून गेलेला. पाचशे ओंडके कोणाच्याही नजरेला न पडता वाहून गेले. परत आल्यावर त्याचं म्हणणं बऱ्याच जणांनी मानलं नाही. 1913 मध्ये बेली आणि मोर्सहेड हे इंग्रज अधिकारी त्या दऱ्यांतून जाऊन आले तेव्हा त्याची किंमत कळली. मधली वर्षं तो दार्जिलिंगला शिवणकाम करत होता.

पण मला छळतो तो किस्सा शरच्चंद्र दासांचा. चितगावचे, दार्जिलिंगच्या भोटिया बोर्डिंग स्कूलचे हेडमास्तर. 1879 मध्ये शिगात्सेच्या ताशिल्हुन्पो मठात आणि 1881-82 मध्ये पुन्हा तिबेटात, थेट ल्हासापर्यंत. विद्वान होते, तिबेटी ग्रंथांचं वेड खरं होतं, आणि सरकारला अहवाल देत होते हेही तितकंच खरं. ताशिल्हुन्पोचे सेंगचेन लामा त्यांना भेटले ते कुतूहलापोटी. त्यांना गणित शिकायचं होतं, छपाईयंत्र हवं होतं, बाहेरचं जग कसं आहे ते जाणून घ्यायचं होतं. घरात ठेवून घेतलं, पुढच्या प्रवासाची सोय केली. दास सुखरूप परतले, त्यांना इंग्रज सरकारचा सी.आय.ई. किताब मिळाला, आणि 1902 मध्ये त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश निघाला. इकडे ल्हासाला बातमी लागली. सेंगचेन लामांना पकडून 1887 मध्ये नदीत बुडवून मारलं. वर हुकूम असा की त्यांचा पुढचा अवतार शोधायचा नाही! ग्यान्त्सेच्या ज्या फाला दांपत्याने मदत केली, तेही तुरुंगात गेलं.

म्हणून त्या माळेचं मला पूर्वीइतकं कौतुक वाटत नाही, सुहास. जप करणाऱ्याला कोणी अडवत नाही, पाहुण्याची कोणी झडती घेत नाही, या भरवशावरच तर सगळी युक्ती उभी होती. तो भरवसा ज्याने ठेवला तो बुडाला. नैनसिंहला मी दोष देत नाही, तो पोटासाठी आणि थोडा हौसेसाठी चालला. दासांना मात्र आपण काय करतोय हे पुरतं ठाऊक होतं.

तू त्यांची बाजू घेणार, हे मला आत्ताच दिसतंय. ‘त्या कोशाशिवाय तिबेटी वाचलं असतं का कोणी?’ म्हणशील. आल्यावर भांडू. वहिनींना नमस्कार, आणि ते तुझे जुने बूट घालून जाऊ नकोस, नवीन घे.

तुझा,
अविनाश